कालिंदीबाईंचा ओटा

कयाधूनगरात पहिलं घर कालिंदीबाईंनी बांधलं, आणि म्हणूनच ते सगळ्यात खाली राहिलं.

नव्या माणसाला हे पटत नाही. पहिल्या माणसाला तर हवी ती जागा, हवी तेवढी उंची. पण वस्ती वाढते कशी ते बघितलं की कळतं. हिंगोलीच्या कडेला, नदीच्या अंगाला, जिथं हळदीचे वाफे होते तिथं प्लॉट पडले. कोणी कुरुंद्याहून आलं, कोणी औंढ्याहून, कोणी वारंगा फाट्यावरचं हॉटेल भावाच्या हवाली करून आलं. विचारावं तर सगळ्यांचं उत्तर एकच, पोरांची शाळा. जो येई तो शेजारच्या घराचं जोतं बघे आणि आपलं हातभर वर घेई. पुढचा त्याच्याही वर. मग सिमेंटचा रस्ता आला, तोही जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच ओतला. कालिंदीबाईंच्या घरात पूर्वी तीन पायऱ्या चढून जावं लागे. आता एक पायरी उतरून जावं लागत होतं.

"आपण नाही गं बुडालो," त्यांचे यजमान विश्वंभरराव म्हणायचे. "गाव वर गेलं."

विश्वंभरराव औंढ्याच्या देवस्थानात कारकून होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी हे घर बांधलं. घरापुढं, फाटकाला लागून रस्त्याच्या कडेपर्यंत, रुंद ओटा केला. कालिंदीबाई अंगणवाडीत होत्या. नोकरी संपली तरी पोरांची सवय सुटली नाही. रोज संध्याकाळी गल्लीतली दहा-पंधरा पोरं ओट्यावर पाटी-वही घेऊन बसत. पाढे, वाचन, मधेच एखादं गाणं. एका कडेला खुर्ची टाकून विश्वंभरराव बसत आणि चुकीचा पाढा म्हणणाऱ्याकडं चष्म्यावरून बघत.

मागच्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं. दुपारची वेळ होती. रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत आलं, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत गेलं. विश्वंभरराव मोटारीचं बटण बंद करायला उठले आणि गुळगुळीत फरशीवर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. तेव्हापासून ते वॉकर धरून चालायचे, तेही पलंगापासून ओट्यापर्यंत. कालिंदीबाईंच्या मनात तेव्हापासून एकच धास्ती बसली. पुन्हा पाणी आलं आणि आपण घरात एकट्या असलो, तर ह्यांना उचलायचं कसं?

त्या पाण्याला वाट दिली होती ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटनं. घर भरून वाहिलेलं पाणी त्या खड्ड्यात उतरलं आणि तिथून नदीकडं गेलं. आता मे महिन्यात त्या प्लॉटवर मुरुमाचे ढीग पडले.

प्लॉट कुरुंद्याच्या भागवतचा. घरची हळदीची शेती, पण थोरल्या लेकीला चांगल्या शाळेत घातलेली, म्हणून गेलं वर्षभर ते कुटुंब गल्लीच्या वरच्या टोकाला भाड्यानं राहत होतं. लेकीचं नाव सृष्टी. तिसरी संपलेली, बाईंच्या ओट्यावर कायम पहिल्या रांगेत.

"भागवतराव," कालिंदीबाई कुंपणापाशी उभं राहून म्हणाल्या, "किती भर टाकणार?"

"रस्त्याच्या वर तीन फूट." भागवतनं टोपी काढून घाम पुसला. "काहून?"

"मग पाणी कुठून जाईल?"

"कोनतं पाणी?"

"पावसाचं. ते तुमच्या प्लॉटातून नदीला जातं. माझ्या भिंतीला लागून दोन फूट जागा सोडा, नाली काढा."

"बाई, दोन फूट सोडले तर माझा जिना कुटं जाईल? अन् ते पाणी काय मी आणून राहिलो का? वरून येतं, तुमच्या घरात शिरतं, मग माझ्या प्लॉटात. त्याच्यात माझी काय चूक हाय?"

"चूक म्हणत नाही मी. वाट म्हणते."

"खरेदीत कुटंबी वाट न्हाई." एवढं बोलून त्याला स्वतःलाच जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. "सोमवारी जेसीबी येनार हाय. तवर काय असंल ते सांगा."

कालिंदीबाई घरात आल्या. विश्वंभररावांनी सगळं ऐकलं होतं.

"नगरपालिकेत तक्रार देऊ?" त्यांनी विचारलं.

"देऊन काय? ते येतील, बघतील, जातील. उन्हाळ्यात बघून कोणाला कळतंय पाणी कुठून जातं ते?"

"मग पाऊस येईस्तवर थांब म्हणावं."

"पाऊस कशाला हवा? पाणी असलं की झालं."

बाईंची ही रीत जुनी होती. अंगणवाडीत पोरांना जड-हलकं शिकवायचं तर त्या चित्र दाखवत नसत. बादली भरून आणत आणि म्हणत, टाका काय काय टाकायचंय ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी भागवतला गाठलं. बांधकामासाठी उत्तमसिंगचा टँकर येतच होता. तो एकदा गल्लीच्या वरच्या टोकाला रस्त्याकडेच्या नालीत सोडायचा. पाणी बाई म्हणतात तसं प्लॉटात उतरलं, तर भागवतनं दोन फूट सोडायचे.

"अन् न्हाई उतरलं तर?"

"तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. टँकरचे पैसे मात्र माझे."

भागवत हसला. "पैशाचं राहू द्या. पाया भिजवायचाच हाय मला. तुमचं खरं ठरलं तर पाणी माझ्याच मातीत येतंय."

रविवारी सकाळी टँकर आला. अख्खी गल्ली दारात उभी. हापशावर लाइन लावणाऱ्या वस्तीत नालीत टँकर सोडायचा, म्हणजे तमाशाच.

"बाईजी, सच में छोडू?" उत्तमसिंगनं नळीच्या तोंडावर हात ठेवून विचारलं. "बाद में बोलेंगे उत्तमसिंग पागल हो गया."

"सोडा. नाव माझं सांगा."

कालिंदीबाईंनी पोरांना नालीच्या कडेनं उभं केलं होतं. प्रत्येकाच्या हातात मूठभर राख. "पाण्याच्या तोंडाबरोबर चालायचं. पुढं पळायचं नाही. जिथं ते थांबेल, वळेल, तिथं राख टाकायची. आणि मला सांगायचं ते जे दिसलं ते. जे वाटतं ते नाही."

पाणी निघालं. आधी धुळीचा, कागदांचा, शेंगांच्या टरफलांचा गोळा ढकलत मंद, मग सरळ. पोरं दबक्या पावलांनी बरोबर चालली. ज्याच्या त्याच्या दारापुढं गाडी चढवायला नालीवर सिमेंटचा उतार केलेला. पाणी त्याच्याखाली शिरे आणि पलीकडून निघे, तेव्हा पोरं "आलं, आलं!" म्हणून ओरडत. तीन दारं झाली, चार झाली. मग बाईंचं दार आलं.

ओट्यापाशी पाणी थांबलं.

नाली बांधायला माणसं आली होती तेव्हा ओटा मधे येत होता. "पोरं बसत्यात बाईंची, ओटा कशाला फोडायचा?" असं म्हणून त्यांनी आपणहून ओटा राखला आणि खालून एक पाइप टाकून दिला. बाईंनी त्यांना चहा पाजला होता. त्यानंतर त्या पाइपाची आठवण कोणालाच राहिली नव्हती.

पाणी ओट्याच्या बाजूला चढत गेलं. चार बोटं, वीतभर. मग नालीच्या काठावरून सांडलं, रस्त्याकडं जराही न जाता सरळ फाटकाकडं वळलं आणि अंगणात उतरलं. भागवतच्या प्लॉटात एक थेंब गेला नाही.

पाण्याचं तोंड बाईंच्या चपलांपर्यंत आलं होतं. सृष्टी हातातली राख तशीच धरून उभी होती. तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा बाईंकडं.

"काय दिसलं, सृष्टी?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"बाई..."

"सांग. घाबरायचं काय त्यात?"

"पाणी ओट्यापाशी थांबलं. मग तुमच्या घरात वळलं."

तिनं राख टाकली, अगदी ओट्याच्या कोपऱ्यावर.

समोरच्या मंजुळाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आता गं बया! बाईंचा ओटाच बाईंना बुडवून राहिला व्हय?" दोघं-तिघं हसले. भागवत हसला नाही. त्यानं साइटवरून सळई आणली, गुडघ्यावर बसला आणि पाइपाच्या तोंडात घातली. आतून गाळ निघाला, बिस्किटांचे कागद निघाले, आणि मग खडूचे तुकडे, पेन्सिलींची टोकं, पेरूचे देठ. रोज पाढे संपले की पोरं ओटा झाडत. स्वच्छता हा शिकवणीचाच भाग होता. झाडलेलं सगळं नालीत.

पिंटू नावाचं एक पोरगं हळूच म्हणालं, "बाई, हा लाल खडू माझा."

पाइप मोकळा झाला तसं थोडं पाणी पलीकडं गेलं. पण चार इंचाचा पाइप आणि हातभर रुंद नाली. बाकीचं पाणी पुन्हा फाटकाकडंच वळलं. उत्तमसिंगनं नळी बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"मग आता काय करायचं?" कालिंदीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज शिकवतानाचाच होता, पण त्या पोरांकडं बघत नव्हत्या.

"मोठा पाइप टाकायचा!"

"फाटकाला भिंत घालायची!"

"मोटर लावायची!"

"मोठा पाइपबी तुंबंल," सृष्टी म्हणाली. "ओटाच काढायचा." आणि लगेच तिचं तोंड उतरलं. "पन मग आमी बसायचं कुटं? अन् आजोबा?"

विश्वंभरराव ओट्यावर खुर्चीतच होते. सगळं पाणी त्यांच्या पायाखालून वळलं होतं. पलंग आणि हा ओटा, त्यांचं जग तेवढंच उरलं होतं. गल्लीतून कोण गेलं, कोणाची सायकल नवी, कोणाला सातचा पाढा येत नाही, हे सगळं त्यांना इथून दिसे. कालिंदीबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"बाकी लोकांच्या दारापुढचे उतारही बघू आधी," त्या हळू म्हणाल्या. "पावसाळ्यापुरता पाइप साफ ठेवू. मी रोज बघेन."

"आणि एके दिवशी विसरशील."

"नाही विसरणार."

"कालिंदी, पाण्यातून तुला एकटीला उचलता येईल एवढा हलका मी राहिलेलो नाही गं." त्यांनी वॉकर पुढं ओढला आणि उठायला लागले. "खुर्ची आत घ्या कोणीतरी. भागवतराव, तुमचा तोडणारा माणूस आज मोकळा आहे का?"

भागवतनं आधी बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली तेव्हाच त्यानं हाक मारली.

ओटा फोडायला दुपार गेली. सिमेंट जुन्या काळचं, घट्ट. घणाचा घाव पडला की आत भिंतीवरचं घड्याळ थरथरत होतं. कालिंदीबाई आत भाजी निवडत बसल्या, दोनदा बाहेर आल्या, दोनदा परत गेल्या. नाली सरळ निघाली तेव्हा ओट्याची घराकडची दोन फुटांची पट्टी तेवढी उरली. एक खुर्ची बसेल, पोरं नाही. भागवतनं मुरुमातली दोन पोती आणून फुटलेली कड भरून दिली आणि नालीवरून फाटकात यायला एक शहाबादी फरशी टाकली.

"उचलता येती," तो म्हणाला. "हप्त्याला एकदा उचलून बघायचं खाली. पोरांना सांगा, तेच करतील."

"दोन फुटांचं मी बोलले होते..." कालिंदीबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या ते."

"जाऊ द्या कसं? माझं चुकलं. पाणी तुमच्या प्लॉटातून जात होतं ते घर भरल्यावर. घर का भरतं ते मी बघितलंच नव्हतं."

भागवतनं हाताचा मुरूम झटकला. "सोमवारपासून जोतं भरतो," तो म्हणाला. "भिंती उठायला महिना-दीड महिना लागंल. तवर मोकळंच हाय. पोरं बसली तर बसू द्या. खिळे-बिळे मी उचलून ठेवतो."

आठवड्यानं शिकवणी भागवतच्या जोत्यावर भरली. बाईंना चढायला विटांच्या पायऱ्या रचल्या होत्या. खालून, आपल्या दोन फुटांच्या पट्टीवरून, विश्वंभरराव ओरडून पाढे दुरुस्त करत. गल्लीत सगळ्यांना ऐकू जाई. मंजुळाबाईंनी पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या दाराचा उतार फोडून नालीवर जाळी बसवली, आणि ती कल्पना आपलीच होती असं त्या सांगत.

भाद्रपदात एका दुपारी नदीपलीकडच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या आणि पाऊस दोन तास ओतत राहिला. नाली काठोकाठ भरली. कालिंदीबाई विश्वंभररावांच्या खुर्चीमागं दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. पाणी शहाबादी फरशीला लागलं, तिच्या कडेवरून थोडं उसळलं, फाटकापर्यंत आलं आणि मागं वळून नालीत पडलं. पुढं गेलं. त्यांनी खुर्चीवरचे हात काढले तेव्हा बोटं आखडली होती.

भागवतच्या घराचा स्लॅब तोवर पडला होता. पोरं त्याच्याखाली उभी राहून सगळं बघत होती. सृष्टी तोंडाशी हात धरून ओरडली, "बाई, आता हे पानी कुटं गेलं?"

"नदीला!"

"अन् नदीच भरली तर?"

कालिंदीबाईंनी गल्लीच्या खालच्या टोकाकडं बघितलं. तिथं यंदा तीन नवी घरं झाली होती, एकेक मागच्याहून हातभर उंच.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पाऊस उघडला की बघायला जाऊ."