पुसलेलं साल

डेलबर्टने बाटलीचं टोपण घट्ट लावलं, कापसाच्या बोळ्याने नाणं टिपलं आणि मान वर करून हसला. व्हर्ना हातात कॉफीचे दोन कप घेऊन दारात उभी होती. त्यातला एक त्याच्यासाठीच आणला होता.

"सत्तावीस," तो म्हणाला. "तुझं नाणं सत्तावीस सालचं आहे, व्हर्ना. काढलं की नाही शोधून?"

अ‍ॅसिडचा वास नाकात शिरला आणि काय झालंय ते तिला कुणी न सांगता कळलं. कॉफी आणायला पाच मिनिटं लागली असतील, फार तर सहा. तेवढ्यात या शहाण्याने तिच्या बापाच्या नाण्यावर अ‍ॅसिड टाकलं होतं. विचारलं नाही, सवरलं नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या तळघरात नाणी जमवणारे दहाबारा जण जमत. आज प्रत्येकाने आपलं सगळ्यात आवडतं नाणं आणून त्याबद्दल बोलायचं ठरलं होतं. रॉस्कोने त्याचा चांदीचा मॉर्गन डॉलर आणला होता आणि नेहमीसारखा कुणालाही हात लावू दिला नव्हता. व्हर्नाने आणलं ते पाच सेंटांचं बफेलो नाणं. एका बाजूला बायसन, दुसऱ्या बाजूला आदिवासी माणसाचा चेहरा. या नाण्यावर साल नेमकं उंचवट्यावर कोरलेलं असतं, त्यामुळे वापरात आधी तेच झिजतं. हिच्या नाण्यावर तर सालाच्या जागी नुसता गुळगुळीत डाग राहिला होता. अ‍ॅसिड टाकलं की असं झिजलेलं साल पुन्हा उमटतं, पण नाणं तिथे कायमचं खरबरीत होतं. असल्या नाण्याला या लोकांत कुणी हुंगून विचारत नाही.

पण तिने गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी पुढे वाकून ऐकली. एकोणीसशे तेवीस सालचा मार्च. तिचे आजोबा सकाळी कोळशाच्या खाणीवर जायला निघाले, दारात थांबले आणि खिशातलं हे नाणं त्यांनी नऊ वर्षांच्या अँटनच्या हातावर ठेवलं. त्या दिवशी खाणीत स्फोट झाला. आजोबा वर आले ते चादरीत गुंडाळून. अँटनने, म्हणजे व्हर्नाच्या पपांनी, ते नाणं कधी खर्च केलं नाही. त्र्याहत्तर वर्षं ते त्यांच्या खिशात होतं आणि त्यावर त्यांचा अंगठा फिरत होता. आजसुद्धा त्यांनी ते तिला दिलं ते जेवणाच्या आत परत आणायच्या बोलीवर. ऐकताना डेलबर्टने चष्मा काढून डोळे पुसले होते. बिनसालाचं नाणं त्याच्या लेखी बिननावाचं पोर. हिच्यासाठी आपण काहीतरी करावं असं त्याच्या मनात आलं आणि तो काहीतरी करून बसला.

आता तो हसत होता, आणि हसता हसता त्याचा हिशेब जुळेना. तेवीस. सत्तावीस. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे मात्र नाण्याकडे गेले.

"हिचा बाप बेरकी निघाला," रॉस्को शेजारच्याच्या कानात म्हणाला, पण खोली लहान होती. "काय थाप ठोकलीये."

व्हर्नाने दोन्ही कप टेबलावर ठेवले. इतका राग तिला नवरा सोडून गेला तेव्हाही आला नव्हता.

"घास," ती डेलबर्टला म्हणाली.

"काय?"

"साल काढलंस ना? आता घास. होतं तसं करून दे."

"अगं, मी चांगल्यासाठीच..."

"तुझं चांगलं तुझ्याकडे ठेव. बिनसालाचं आहे हे काय मला दिसत नव्हतं? वीस वर्षं नाणी जमवतेय मी. तुझ्याकडे बाटली आहे आणि माझ्याकडे नाही, असं वाटलं तुला? माझ्याकडे दोन आहेत. मी कधी टाकलं का त्याच्यावर? घास म्हणते ना."

डेलबर्ट सत्तर वर्षांचा होता, मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने मान खाली घातली, खाण्याचा सोडा आणि पाणी मागून घेतलं, नाणं धुतलं आणि आपल्या जाड पँटवर, मांडीवर धरून घासू लागला. बाकीच्यांनी आपापली नाणी दाखवायला सुरुवात केली. कुणाचं धड लक्ष नव्हतं. अर्धा तास तो घासत होता आणि व्हर्ना समोर उभी राहून बघत होती. मेल्याच्या कपाळावर घाम आला तरी तिला दया आली नाही. शेवटी आकडे बरेच पुसट झाले. तिरपं धरलं तर सात तेवढा दिसत होता. तिने नाणं उचललं आणि कुणाचा निरोप न घेता निघाली.

गाडी चालवताना राग डेलबर्टवरून सरकला आणि पपांवर आला. ही गोष्ट तिने शाळेत निबंधात लिहिली होती. आईच्या अंत्यविधीला, चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितली होती. आपल्या मुलांना झोपवताना सांगितली होती. आणि ती खोटी? कुठल्यातरी दुकानात सुट्टे म्हणून मिळालेलं नाणं घेऊन या माणसाने जन्मभर आपल्याला रडवलं? आज विचारायचंच. ब्याऐंशी वर्षांचे असले म्हणून काय झालं.

अँटन स्वयंपाकघरात बसले होते. समोर कोबीचं सूप निवत होतं, चमचा तसाच पडला होता. ती आत येताच त्यांनी हात पुढे केला. तिने नाणं ठेवलं, जरा आपटूनच. त्यांचा अंगठा सवयीने त्यावर गेला आणि थांबला. नजर अधू झाली होती, पण अंगठ्याला सगळं कळत होतं.

"हे खरबरीत का लागतंय?"

"डेलबर्टने अ‍ॅसिड टाकलं. मला न विचारता. साल काढायला."

अँटननी नाणं टेबलावर ठेवलं आणि त्यावर पंजा झाकला.

"निघालं?"

"निघालं ना. सांगू?" तिचा आवाज चढला होता. "ऐकायचंय तुम्हाला?"

"थांब. आधी माझं ऐक."

ते सांगू लागले, तिच्याकडे न बघता. एकोणचाळीस साल होतं. ते पंचवीस वर्षांचे होते, काम शोधत मालगाड्यांतून फिरत होते. तीन दिवस पोटात काही नव्हतं. एका गावात स्टेशनाजवळच्या खानावळीत कॉफी पाच सेंटाला मिळत होती, आणि कॉफी घेणाऱ्याला कालचा पाव फुकट. त्यांनी खिशातलं ते नाणं काढून दिलं. पाव खाल्ला, आणि बाहेर येऊन ओकले.

"रात्रभर तिथेच बसलो, व्हर्ना. सकाळी दार उघडल्यावर त्या बाईच्या पाया पडायचा बाकी राहिलो. म्हटलं, माझ्या बापाचं नाणं आहे, तासभर लाकडं फोडतो, ते परत दे. बिचारीने गल्लाच पुढे ओढला. म्हणाली, घे बाबा तुझं तू शोधून. त्यात साल गेलेली तीन होती. तिन्ही गुळगुळीत. तिन्हींवर तोच चेहरा." त्यांचा पंजा नाण्यावर दाबला गेला. "मी त्यातलं एक उचललं."

व्हर्ना खुर्ची ओढून बसली.

"तुझ्या आईलाही सांगितलं नाही. रोज हात लावला की वाटतं, तेच आहे. रोज वाटतं, नसेल. माझ्या बापाने दिलं ते एकवीस सालचं होतं. लहानपणी मीच वाचलं होतं त्याच्यावर." त्यांनी पंजा बाजूला केला. "हं. आता सांग. काय निघालं?"

ती त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. राग अजून होता, पण तो कुणावर काढायचा ते तिला कळेना.

"एकवीस," ती म्हणाली.

अँटननी नाणं उचललं, मुठीत धरलं, आणि मूठ तोंडाशी नेली. मग चमचा घेऊन त्यांनी थंड झालेलं सगळं सूप संपवलं.

"त्या डेलबर्टला फोन लाव," ते तोंड पुसत म्हणाले. "मला त्याचे आभार मानायचेत."

"पपा, उद्या मानू."

"आत्ता. माझ्याकडे उद्या फार नाहीत."

तिने नंबर फिरवला. पलीकडून डेलबर्टचा दबका आवाज आला. तो लगेच माफी मागायला लागला, शब्दावर शब्द, आणि तिने त्याला मध्येच तोडलं.

"डेलबर्ट, पपांना तुझ्याशी बोलायचंय. नाणं एकवीस सालचं निघालं ना, म्हणून आभार मानायचेत त्यांना."

पलीकडे काहीच ऐकू येईना. तिने तरीही फोन पपांच्या हातात दिला आणि सिंककडे जाऊन पाठ करून उभी राहिली. अँटन बोलले, मग ऐकत राहिले. खूप वेळ ऐकत राहिले. तिने नळ सोडला नाही, भांड्याला हात लावला नाही.

"व्हर्ना," मागून अँटनचा आवाज आला, "तो म्हणतोय, त्याने स्वतः भिंगाखाली धरून दोनदा पाहिलंय. एकवीसच."