दोन घड्याळांच्या गावातली व्हॅन

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझ्या पोटात चक्क न्हाणीघर आहे! टब आहे, कोमट पाण्याची टाकी आहे, केस वाळवायचं यंत्र आहे. गावातली निम्मी कुत्री माझ्यात अंघोळ करून गेली आहेत.

आधी मी बेकरीत होते. गरम पावांचा वास अंगभर घेऊन हिंडायचं, मोठं सुखाचं आयुष्य होतं. मग बेकरीवाल्यानं नवी गाडी घेतली आणि मला नोएलीन हॅड्रिकनं विकत घेतलं. तिनं मला निळा रंग दिला आणि दारावर स्वतःच्या हातानं हसरा कुत्रा काढला. तो बोकडासारखा दिसतो, पण हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

नोएलीन मला घेऊन घरोघरी जाते आणि कुत्र्यांना अंघोळ घालते. तिच्या हातात जादू आहे. चावरं कुत्रंसुद्धा तिच्यापुढे गरीब गाय होतं. लोक खूश होते, गिऱ्हाइकं वाढली, आणि तिथेच सगळा घोळ झाला. कुत्रा साबणात असला की नेमका फोन वाजायचा. उचलावा तर कुत्रा टबाबाहेर, न उचलावा तर गिऱ्हाईक दुसरीकडे.

त्यात आमचं गाव हे असं. राज्याची हद्द भर वस्तीतून जाते. रस्त्याच्या या बाजूला आमचं कूलंगाटा, त्या बाजूला ट्वीड हेड्स. उन्हाळ्यात त्या बाजूचे लोक त्यांच्या राज्याच्या नियमानं घड्याळ तासभर पुढे करतात, आमच्या बाजूचे करत नाहीत. आमच्याकडे सात वाजले की रस्त्यापलीकडे आठ! इथेच जन्मलेली माणसंही चकतात. नोएलीन तर दर उन्हाळ्यात चकायची. कधी तासभर उशिरा जायची, तर कधी वजाबाकी दोनदा करून इतकी लवकर पोचायची की घरमालक पायजम्यातच दार उघडायचा.

लोकांची बोलणी खाऊन ती थकली. दिवसभर कुत्री धुवायची आणि संध्याकाळी फोनवर माफी मागत बसायची. माझ्याकडे बघायला तिला वेळ कुठून मिळणार? माझं तेल बदललं जाईना, नळीत केस अडकून राहिले, अंगाला ओल्या कुत्र्यांचा वास येऊ लागला. आणि एक दिवस तिनं माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ असा कागद चिकटवला. मित्रांनो, मला रडूच आलं असतं, पण वायपर बंद होते.

एक माणूस मला बघायला आला. “आतलं सगळं उपटून टाकेन, हत्यारं ठेवायला बरी आहे,” असं म्हणाला. पैसे जमले की फोन करतो म्हणून गेला.

नोएलीनचा भाऊ लिंडसी तेव्हा तिथेच उभा होता. त्याचा पंप दुरुस्तीचा धंदा आहे.

“कुत्र्यांचा कंटाळा आला का गं?” त्यानं विचारलं.

“कुत्र्यांचा नाही रे. फोनचा.”

“मग व्हॅन कशाला विकतेस? फोन देऊन टाक कुणालातरी. माझे फोन फिलिपिन्समधली एक बाई घेते. रोजचे चार तास काम, तेवढ्याचाच पगार. तिची मैत्रीण आहे एक, विचारू का?”

“कूलंगाटा जन्मात न पाहिलेली बाई माझा धंदा सांभाळणार?”

“तू रोज बघतेस ना? मग तू का चुकतेस?”

नोएलीननं त्याच्या अंगावर ओला टॉवेल फेकला. पण आठवड्याभरात ती मैत्रीण, रोवेना पाल्मारेस, कामाला लागली! अशा दूर बसून काम करणाऱ्यांना व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. ती राहते तिकडे फिलिपिन्समध्ये, इलोइलोला, पण आवाज थेट माझ्या स्पीकरमधून यायचा, मागे तिच्या शेजाऱ्यांचे कोंबडे आरवायचे.

“गुड मॉर्निंग, मॅडम.”

“मॅडम नको गं बाई, शाळेतली मास्तरीण झाल्यासारखं वाटतं.”

“बरं, मॅडम,” रोवेना म्हणाली. सवय कुठली सुटायला.

काय सांगू तुम्हाला, आमचं आयुष्यच पालटलं! फोन लगेच उचलला जाऊ लागला. आदल्या दिवशी प्रत्येकाला आठवण जाऊ लागली. रोवेनानं सकाळी अलीकडची कुत्री आणि दुपारी पलीकडची, अशी विभागणी केली. हद्द दिवसातून एकदाच ओलांडायची. नोएलीनचे दोन्ही हात टबात राहू लागले आणि संध्याकाळी ती चहा पिताना गाणं गुणगुणू लागली. “गाडीची सर्व्हिसिंग कधी झाली?” असंही रोवेनानंच विचारलं, आणि गॅरेजची वेळ घेऊन टाकली.

पण कागद अजून काचेवर होता, कारण उन्हाळा तोंडावर आला होता.

ट्वीड हेड्सला मिसेस ऑटवेचं कुत्र्यांचं पाळणाघर आहे. मागच्या उन्हाळ्यात नोएलीन उशिरा गेली म्हणून तिनं आम्हाला फाटकातूनच परत पाठवलं होतं. रोवेनानं तिच्याशी गोड बोलून एक संधी मिळवली. घड्याळं बदलल्यानंतरचा पहिलाच सोमवार, सकाळी आठ, तिकडच्या वेळेनं. जमलं तर वर्षभराचं काम.

“हे जमलं तर धंदा ठेवते,” नोएलीन तिला म्हणाली. “नाहीतर व्हॅन विकून मोकळी होते. तुलाही खोट्या आशेवर ठेवत नाही.”

सोमवारी ती माझ्यात बसून बोटं मोजायला लागली. “तिकडे आठ म्हणजे इकडे सात. की नऊ?”

“मॅडम, घड्याळ झाका,” रोवेना म्हणाली. “मी सांगेन तेव्हाच किल्ली फिरवा.”

“म्हणजे माझ्या डोक्याला कामच नाही?”

“आहे ना. कुत्री आठवा.”

नोएलीननं माझ्या घड्याळावर जखमेची पट्टी चिकटवली. मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू? मग स्पीकरमधून आवाज आला, “निघा.” एका झटक्यात सुरू झाले मी! हद्द ओलांडली, वळण घेतलं, आणि पोचले तेव्हा मिसेस ऑटवे नुकतीच फाटक उघडत होती. तिनं मनगटावरचं घड्याळ दोनदा पाहिलं.

“आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?” ती म्हणाली, आणि पहिला कुत्रा पुढे केला.

दुपारपर्यंत एक सोडून सगळी कुत्री चकाचक झाली आणि मिसेस ऑटवेनं वर्षभराचं काम दिलं. शेवटचा कुत्रा फेसात असतानाच रोवेनाचा फोन आला. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

“मॅडम, एक गृहस्थ विचारतायत. व्हॅन घ्यायला कधी येऊ म्हणून. काय सांगू?”

माझं इंजिन बंद होतं, तरी धडधडलं. नोएलीननं कुत्र्याच्या कानामागचा साबण धुतला.

“त्यांच्याकडे कुत्रा आहे का विचार.”

रोवेनानं दुसऱ्या फोनवर विचारून घेतलं, मागे कोंबडे आरवतच होते.

“आहे म्हणे, मॅडम. भरपूर केस आहेत.”

“मग गुरुवारची वेळ दे.”

आणि तिनं ओल्या हातानंच काचेवरचा कागद ओढून काढला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा लहानसा धंदा असेल तर त्यांना सांगा, सगळं एकट्यानं ओढू नका. मदतीला माणूस घ्या, मग ते समुद्रापलीकडे बसलेलं का असेना. थकलेलं माणूस आधी स्वतःची आबाळ करतं आणि मग आमची. या शुक्रवारी रोवेनानं शेवटच्या वेळेला कुठलाच कुत्रा घेतलेला नाही. त्या वेळेला अंघोळ माझी आहे.