तिघांपैकी दोघांचं कार्ड

खांद्याच्या पट्ट्यावर दोन टाक्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर असायला हवं. या जॅकेटवर ते कुठं दोन होतं, कुठं साडेपाच. मी तीनदा मोजलं, कारण शिवण आईची होती.

होडीवर काम करणाऱ्यांसाठी अशी साठ जीवरक्षक जॅकेटं. हात थरथरायला लागल्यावर आईनं हट्टानं एकटीनं शिवलेली. प्रत्येकाच्या अस्तरात नखाएवढी रेडिओ-चिप आहे आणि मालकी तिघांची: आई, दादा, मी. तिघांपैकी दोघांनी आपापलं कार्ड लावल्याशिवाय माल 'रवाना' होत नाही, 'बाद'ही होत नाही. कुणी तसाच उचलला, तर गोदामाचं दार उघडत नाही. जुन्या भागीदारानं परस्पर माल लांबवला, तेव्हा ही पद्धत आईनंच आणली होती.

आईनं 'रवाना'ला कार्ड लावलं. दादानं 'बाद'ला. त्याला अठरा दिवस झाले.

"उसवून पुन्हा शिवू," मी दादाला म्हणाले होते.

"जुन्या भोकांशेजारी नवी भोकं? पट्टा कागदासारखा फाटेल. तुला माहीत आहे." मग आवाज खाली आणून, "मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगा मशीन विकायला टपलाय. तुझं मोजमाप ती मानते."

मी चार जॅकेटं ताणयंत्राला लावून पाहिली. तीन जॅकेटांचे पट्टे निम्म्या भारावरच सुटले. चौथा टिकला, आणि त्या एका चौथ्यावर मी आठवडा काढला.

आज दुपारी आई माझ्या टेबलाशी आली.

"काय गं मोजपट्टीबाई, माशी कुठं शिंकली? माझा माल अजून फळीवरच?"

"तपासतेय."

"अठरा दिवस? एवढ्यात लोकांची लग्नं ठरतात आणि मोडतातही." ती हसली. उजवा हात तिनं डाव्या हातानं दाबून धरला होता. "चाळीस वर्षांत माझं एक जॅकेट परत आलं नाही."

ते खरं होतं. पण बुडालेला माणूस तक्रार घेऊन येत नाही, हेही तिनंच आम्हाला शिकवलं होतं.

"आई, बस जरा."

"आधी बोल." तिचं हसू गेलं होतं.

मी तिच्या हाताकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"मी 'बाद'ला कार्ड लावणार आहे, आई. साठच्या साठ."