कळशी आणि लाल मोटार

मोटारीतलं मला सगळं कळतं असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. चार वर्षं खोपोलीला एका साहेबाची गाडी हाकली, तेव्हा थोडं खरंही असेल. त्यामुळे पुण्यातल्या एका वकिलाच्या मुलाला आपली लाल, शर्यतीची मोटार विकायची आहे असं कळलं, तेव्हा ती बघायला बायकोला न्यावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण मोटार घ्यायची होती ती तिच्यासाठीच.

माझी बायको सुंदरा खालापूरची सुईण. गेल्या वर्षी गावातली आवडी बाळंतपणात अडली, म्हणून सुंदरा तिला बैलगाडीतून पनवेलच्या दवाखान्यात न्यायला निघाली. वाटेत चौक गावाच्या अलीकडेच मूल गेलं. आवडी वाचली, पण सुंदरानं घरी येऊन आपली पेटी माळ्यावर टाकली. बोलावणं आलं की म्हणायची, "दुसरी बघा." तिचे ते रिकामे हात बघून माझा जीव तुटायचा.

दोघांपुरती मोटार कुटुंबवाल्याला कशाला हवी? गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ती आमच्या आवाक्यात आली. मागचं झाकण उघडलं की आणखी एकाला बसायला बाक होता. अडलेली बाई पुढं, सुईण मागं, असं मी मनात जमवूनही टाकलं होतं.

निघताना सुंदरानं पितळी कळशी उचलली. आमच्याकडे परगावचा बैल घेताना भरलेली कळशी गाडीत ठेवून फेरी मारतात. पाणी सांडलं तर तो बैल भाताच्या गोण्यांना चालेल, बाळंतिणीला नाही.

"अगं, ह्यो बैल नाय, मोटार हाय," मी म्हणालो.

"मग काय तशीच घ्यायची?"

पुण्यात वकिलाच्या मुलानं कळशी पाहून हसू दाबलं आणि मला म्हणाला, "चालवून बघा की." सुंदरा भरली कळशी मांडीवर घेऊन शेजारी बसली. आणि ते इंजिन घुमलं मात्र, माझ्या अंगात वारं शिरलं. मोकळा रस्ता बघून अशी पिटाळली की विचारू नका. परत येऊन ऐटीत शेजारी बघतो, तर सुंदरा पदरापासून पायांपर्यंत चिंब आणि कळशीत घोटभर पाणी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मोटारही गेली आणि पेटीही माळ्यावरच राहणार.

सुंदरा उतरली. पदर पिळला, मोटारीभोवती फिरली, बैलाची पाठ दाबतात तशी तिची बैठक दाबून बघितली.

"चांगली हाय," ती म्हणाली.

"मग पाणी कसं सांडलं?"

"अवो, बैल गरीब हाय. हाकणाराच उधळलाय."

मुलगा खो खो हसला. मला राग आला. तिनं त्याच्याच नळावर कळशी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. "आता घरापत्तुर बघते. सांडलं तर उद्या मोटार परत." मुलानंही ते कबूल केलं.

बोरघाट मी शेकडो वेळा उतरलो होतो, पण शेजारी कोण बसलंय याचं भान ठेवून त्या दिवशी पहिल्यांदा उतरलो. मागून ओळखीचा एक लॉरीवाला ओरडला, "काय पोपटराव, वरात हाय काय?" एरवी त्याला सोडला नसता. त्या दिवशी दात आवळून वळण तेवढं बघितलं. खोपोली आली तेव्हा सदरा घामानं भिजला होता.

खालापुरात दारापुढं मोटार थांबली. शेजारच्या गौराबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सुंदरानं कळशीत डोकावून पाहिलं. नव्या बैलाच्या खुरांवर घालतात तसं तिनं चारही चाकांवर पाणी घातलं. तरी कळशीत पाणी उरलं. ते तिनं माझ्या पायांवर ओतलं.

"अगं, मी काय बैल हाय?"

"माळ्यावरची पेटी काढा," ती म्हणाली. "माजा हात पोचत नाय."