चौथ्यांदा नको

इराणमधल्या आमच्या रश्त शहरात कुणी भुकेनं मेल्याचं ऐकिवात नाही. आग्रहानं मात्र माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "तूरान खानुम, आधी वजन उतरवा, मग गुडघा बदलू. नाहीतर वर्षभरात अंथरूण धराल." मी घरी येऊन रडले आणि रडता रडता डबाभर बदामाची मिठाई संपवली. दुःखात माणूस काकडी थोडीच खातो!

बरं, कमी खायचं ठरवलं तरी खाऊ कोण देतंय? आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे सभ्यता, दुसरं म्हणजे संस्कार आणि तिसरं म्हणजे ताट पुढे करण्याआधीचं खाकरणं. नको म्हणून खरोखरच न जेवणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचाय.

शुक्रवारी मामानकडे, म्हणजे माझ्या आईकडे, जेवण होतं. अक्रोड आणि डाळिंबाच्या रसात शिजवलेलं बदक, वाफाळता भात आणि भांड्याच्या तळाची सोनेरी खरवड. मामाननं खरवडीचा सगळ्यात मोठा तुकडा डावानं उचलला, अर्थात माझ्यासाठी.

"नको, मामान."

"तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, घे."

"नको गं, खरंच."

"बघा, किती वाळलीय पोर!" मला बघून वाळलीय म्हणायला आईचेच डोळे लागतात.

"नको ना!"

"वन्सं लाजतायत, मामान. वाढा तुम्ही बिनधास्त," माझी भावजय शहिन म्हणाली. ही चार माणसांचं जेवते आणि दिसते काडीसारखी. देवाच्या दरबारी न्याय नाही तो असा.

डाव माझ्या ताटावर आला आणि माझं डोकंच फिरलं. "नको म्हणजे नको! भूक आहे मला, मामान. हे अख्खं बदक मी एकटी संपवीन. म्हणूनच नको! मला कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाता येत नाही गं. मला चालायचंय!"

माझा भाऊ कामबीझ चावायचा थांबला. मामाननं डाव मागे घेतला, खरवड त्याच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "बरं."

बस, एवढंच. जिंकले की मी! दही आणि पालेभाजी खात मी अशी ऐटीत बसले, जणू किल्ला सर केलाय.

जेवणं झाली, समोवारात पाणी उकळलं, मामान चहाचे पेले घेऊन आली. "तूरान, चहा?"

"नको, तुला कशाला त्रास," जिभेनं सवयीनं म्हणून टाकलं.

"बरं," मामान म्हणाली आणि तबक पुढे गेलं.

अगं बाई! हे तर पहिलं नको होतं! बिनसाखरेचा चहा मला चालतो, हवाच होता. मी वाट बघितली. आता म्हणेल, घे गं. शहिन प्यायली, कामबीझ प्यायला. मामान माझ्या शेजारी बसली होती, ओठ घट्ट मिटून.

जन्मभर जिच्या आग्रहाचा मला जाच वाटला, तिची आज मीच मनधरणी करू लागले.

"मामान, एकदा तरी आग्रह कर ना गं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "परत ओरडशील," ती हळूच म्हणाली.