चाखायचा रंग

बालवर्गात कापड रंगवायचा दिवस म्हणजे थोरल्या बाईंचा दिवस, हे अकरा वर्षं ठरलेलं होतं. मुलांनी रुमालाला दोऱ्याच्या गाठी मारायच्या आणि बाईंनी बिटाचा, हळदीचा, डाळिंबाच्या सालीचा रंग घरून उकळून, निववून आणायचा. रुमाल बुडवण्याआधी बाई सगळ्यांदेखत रंगात बोट घालून ते चाटायच्या. "बाईंनी चाखला, आता तुम्ही चाखा." मग मुलं एकेक बोट चाटून तोंडं वेंगाडायची. दोन धुण्यांत रंग उडायचा, पण तक्रार कुणीच केली नव्हती.

यंदा नव्या बाई आल्या, बाटल्यांतले रंग घेऊन. सोमवारी त्यांचा रंग आणि मंगळवारी थोरल्या बाईंचा, असं ठरलं. पावडर मुलांच्या नाकात जाऊ नये म्हणून नव्या बाईंनी शाळा भरायच्या आधीच, तोंडाला मास्क लावून, मागच्या खोलीत रंग कालवले. सोड्याच्या पाण्यात रुमाल स्वतः भिजवून पिळले. मुलांच्या हाती फक्त टोकदार झाकणाच्या बाटल्या आणि इवलेसे हातमोजे दिले. थोरल्या बाईंनी पाकिटावरची बारीक अक्षरं दोनदा वाचून काढली. खोट सापडली नाही, आणि नेमका त्याचाच त्यांना राग आला.

"हातमोजे कशाला गं? ऑपरेशन करायचंय का?"

नव्या बाई हसल्या. "ताई, तुमचा रंग चाखता येतो. माझा नाही ना येत."

हे कौतुकच होतं. थोरल्या बाईंना ते झोंबलं.

दुपारी दोरीवर रुमाल वाळत लटकले. निळे, जांभळे आणि हिरवेगार. पेन्सिल, बटण, फ्रॉकची कॉलर, दिसेल ते तोंडात घालते म्हणून चाखू नाव पडलेली पोर दोन वर्षं थोरल्या बाईंच्या पदराला लोंबकळायची. आज ती त्या दोरीखाली मान वर करून उभी होती.

"बाई, तुमच्यात हिरवा नसतो ना?" तिने विचारलं.

"नसतो," बाई म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत तो प्रश्न त्यांच्या डोक्यात भुणभुणत राहिला. कालची पोर येते काय आणि चार बाटल्यांत आपली मुलं पळवते काय! हेवा वाटतोय हे त्यांना चांगलं कळत होतं. कळून तो कमी होत नव्हता.

त्यांची मावशी सूत रंगवायची. डाळिंबाच्या पिवळ्यात मोरचूद पडलं की हिरवा होतो, हे त्यांना तिच्याकडूनच ठाऊक होतं. मोरचूद विषारी, त्याचं भांडं स्वयंपाकघराच्या आसपासही नको, हेही मावशीच सांगायची. बाई ते विसरल्या नव्हत्या, त्यांनी तिकडे कानाडोळा केला. नवऱ्याच्या झाडांच्या औषधांत मोरचुदाची निळी पुडी होती. आधी चिमूटभर घातली. रंग चढेना, म्हणून दोन चमचे घातले. मग मात्र असा हिरवा चढला की बाई पातेल्याशेजारी उभ्या राहून एकट्याच हसल्या.

मंगळवारी झाकण काढलं आणि वर्ग गोळा झाला. चाखू नव्या बाईंचा हात सोडून सगळ्यांत पुढे येऊन बसली. थोरल्या बाईंना अगदी भरून आलं. "बघा, आमच्यातही आहे हिरवा," त्या नव्या बाईंकडे बघत म्हणाल्या, आणि अकरा वर्षांच्या सवयीने त्यांचं बोट पातेल्यात गेलं.

ते ओठांपाशी आलं तेव्हा कुठे त्या थबकल्या. काल संध्याकाळी त्यांनी सगळा विचार केला होता, फक्त चाखायचा केला नव्हता. समोर बावीस बोटं तयार होती. त्यातलं एक आधीच पातेल्यातून निघून तोंडाकडे चाललं होतं.

बाईंनी चाखूचं मनगट गच्च धरलं. पोरगी कळवळून रडू लागली.

"मोरचूद आहे यात," त्या नव्या बाईंना कसंबसं म्हणाल्या. "हात धू तिचे."

नव्या बाईंनी आधी चाखूचं तोंड उघडून जीभ बघितली. ती स्वच्छ होती. मग नळाखाली तिचे हात साबणाने दोनदा धुतले, पातेल्यावर झाकण घालून ते उंच फळीवर ठेवलं आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "रंग नासलाय रे. बाई उद्या नवा करतील."

इतक्या मायेने आपल्याला कुणी सांभाळून घेतलं नव्हतं, आणि त्या क्षणीही थोरल्या बाईंना नव्या बाईंचा हेवाच वाटला. गप्प बसल्या असत्या तर तेवढ्यावर निभावलं असतं.

"नासला नाही," त्या खाली बसत म्हणाल्या. "मीच त्यात वाईट पूड घातली. हिरवा यावा म्हणून. आजपासून कुणाचाच रंग चाखायचा नाही. माझासुद्धा."

चाखू मनगट चोळत त्यांच्याकडे बघत राहिली. "पण हिरवा तर नव्या बाईंकडे होता ना?"

"होता," थोरल्या बाई म्हणाल्या. "म्हणूनच घातली."