मुरमावरची टिटवी

आधी हाजराचाचींचं नाव घेते, कारण त्या नसत्या तर तो उन्हाळा मला पोटातल्या लेकरासकट गिळून बसला असता. दुपारच्या निःशब्द, पांढऱ्या उन्हात बांगड्यांची टोपली किणकिणली, की शेजारच्या चाची बाजारातून परतल्या, हे कळे. साऱ्या बारामतीच्या मनगटांत काच भरणाऱ्या त्या विधवा बाईचे स्वतःचे हात मात्र आटलेल्या नदीच्या पात्रासारखे उघडे.

शहराच्या कडेची ती नवी वसाहत. मागे मुरूम टाकलेलं परसू, पलीकडे काटेवाडीपर्यंत ऊस. सातवीतच शाळा सुटलेली मी भंडाऱ्याहून इथे आलेली, नवरा कारखान्याच्या पाळीवर. पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला सातवा लागला आणि परसात टिटवी ओरडू लागली. धुणं वाळत घालायला पाऊल टाकावं, की माथ्यावरून एक किंकाळी फाटत जाई. मी आत आले, की सारं मुकं. टिटवी ओरडली की घरातलं कुणी जातं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्याहून भयाण म्हणजे, त्या तापल्या मुरमावर भरदुपारी एक ओला डाग उमटे आणि बघता बघता विरे. जणू कुणी अदृश्य तिथे बसून रडून गेलं. शेवटी तशा अवघडल्या देहानं एकटीनंच माहेरी निघायचं मी ठरवलं.

पिशवी भरताना चाचींनी पाहिलं. कारण ऐकताच हात धरून परसात नेलं. किंकाळी उठली.

"आता पाय उचलू नगंस. खाली बघ."

माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर, मुरमाच्याच रंगाची चार अंडी.

"टिटवी उसाच्या पाटात पोट भिजवून येती अन् ह्यांच्यावर बसती, उन्हानं शिजू न्हाईत म्हणून. अन् तू रोज हितनंच दोरीकडं जातीस. तुलाच भितीया ती. ती अंडी राखती, तू पोट राखतीस. मरा आता दोघी एकमेकीच्या भ्यानं."

मला हसू आलं नाही. इतके दिवस ज्या काळाच्या सावलीला मी भीत होते, ती माझीच होती, आणि कुणाच्या तरी घरट्यावर पडत होती.

दोरी चाचींच्या बाजूला गेली. पुढे एका सकाळी टिटवी पिलांसकट निघून गेली, परसू रिकामं झालं, आणि ती शांतता मला किंकाळीहून जड वाटली. तेव्हा चाची बाजार अर्धा सोडून दुपारभर माझ्या उंबऱ्यावर बसू लागल्या, थेट मुलगी होईपर्यंत.

नंतर त्या लेकीकडे मिरजेला गेल्या. काळ माणसं उचलून नेतो, त्यांची बसायची जागा मात्र त्याला उचलता येत नाही. चाची, एकटीला भ्या वाटेल त्या दुपारी निरोप धाडा. तुमचं ते बसणं मला फेडायचं आहे, मी येईन.